चौथा फोटो

१

एका ग्लासने बाईचा जीव घेतला, असं इस्पितळाने तिच्या नवऱ्याला लेखी कळवलं होतं.

पत्र दीड पानाचं, भाषा गुळगुळीत, खाली मोठ्या डॉक्टरांची लांबलचक सही. तपासणीआधी आतडं धुऊन काढणारं औषध पेशंटने पूर्ण घेतलं नाही, शेवटचा ग्लास शिल्लक ठेवला. त्यामुळे आतडं साफ झालं नाही आणि गाठ मळाखाली लपली. हे माहीत असूनही एंडोस्कोपीच्या खोलीतल्या सिस्टरने पेशंटला टेबलावर घेतलं. सबब सिस्टरला कामावरून काढण्याचा निर्णय शनिवारी सकाळी अकराच्या बैठकीत होईल.

नळीमामांनी पत्र वाचलं, घडी घातली, घडी उलगडली आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनात त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या सिस्टरला काढायचं, आणि जिने ह्या पत्राची प्रत आणून दिली, ती त्यांची सख्खी भाची होती, हे रागाचं एक कारण. दुसरं कारण ती नळी.

नळीमामा हे अर्थात जन्मनाव नव्हे. तीस वर्षं ते एंडोस्कोपीच्या नळ्या दुरुस्त करत होते. भाची मामा म्हणते म्हणून सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणे. बोटाएवढी जाड, पुरुषभर लांब काळी नळी, टोकाला दिवा, दिव्याशेजारी मसुरीच्या डाळीएवढं भिंग, त्यामागे कॅमेरा. मुठीपाशी दोन चाकं, ती फिरवली की टोक मान वळवतं. नळीच्या पोटातून बारीक वाटा जातात, एक हवेची, एक पाण्याची, एक हत्यारांची. त्या वाटेने चिमटा घालून तुकडा तपासायला काढता येतो, फास टाकून आतला वाढीव कोंब कापता येतो, वाहणारं रक्त थांबवता येतं, पोरांनी गिळलेलं नाणंही बाहेर येतं. पोटाला सुरी न लावता. एवढं सोन्यासारखं यंत्र हाताशी असताना एक बाई मेली होती, आणि हे लोक ग्लासाकडे बोट दाखवत होते.

"ग्लास शिल्लक होता हे खरं?" मामांनी विचारलं.

"खरं आहे. मीच लिहून ठेवलंय," भाची म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज जागेवर होता. "बाईंनी स्वतः सांगितलं, शेवटचा ग्लास गेला नाही म्हणून. मी विचारलं, आता संडासला कसं होतंय? म्हणाल्या, पाण्यासारखं स्वच्छ. मग एका ग्लासासाठी परत कशाला पाठवायचं? तेही लिहिलं. माझंच अक्षर आता माझ्या गळ्यात बांधतायत."

"आणि त्यांचे मिस्टर?"

"बस चालवतात. काल आले होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, एक ग्लास म्हणजे किती हो? मी म्हटलं, पाव लिटर. 'पाव लिटर' असं स्वतःशीच म्हणाले आणि गेले."

मामांच्या खिशात मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: तपासणीच्या दिवशी, म्हणजे गेल्या वर्षीच्या दहा फेब्रुवारीला, नळी सुस्थितीत होती आणि भिंग निर्दोष होतं असा दाखला शनिवारी आणावा. दोष यंत्राचा नाही, डॉक्टरचा नाही, म्हणजे उरली सिस्टर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

"तो रिपोर्ट दाखव."

रिपोर्टवर चार फोटो होते. मोठं आतडं पोटात दाराच्या चौकटीसारखं बसलेलं असतं. नळी एका बाजूने वर, मग आडवी, मग दुसऱ्या बाजूने खाली जाते. पहिले तीन फोटो वाटेतले. चौथा अगदी शेवटच्या टोकाचा, जिथे अपेंडिक्सचं बारीक भोक दिसतं. ते भोक दिसलं म्हणजे डॉक्टर शेवटपर्यंत पोचला, हा पुरावा. बाईंची गाठ पुढे निघाली ती नेमकी त्याच टोकाला, लिंबाएवढी. आणि चौथ्या फोटोत लिंबू सोडा, मोहरीसुद्धा नव्हती.

मामांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं. पहिला फोटो. दुसरा. तिसरा. चौथ्यावर ते इतका वेळ थांबले की भाचीने विचारलं, "काय झालं?"

"फेब्रुवारीत तुमच्याकडे मोठ्या आतड्याच्या नळ्या किती होत्या?"

"एकच. दोन नंबरची. का?"

मामांनी भिंग खिशात टाकलं. "धुण्याच्या खोलीत मावशी आहेत का बघ."

२

धुण्याच्या खोलीत पाण्याचा आणि औषधाचा वास कोंडलेला होता. नळ्या धुणाऱ्या मावशी ढोपरापर्यंत हातमोजे चढवून सिंकपाशी उभ्या होत्या. पंधरा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं आणि कुणाला करूही दिलं नव्हतं. नळी आली की आधी पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहायचं, मग प्रत्येक वाटेतून ब्रश घालायचा, मग औषधात भिजत ठेवायची, मग वाळवून कपाटात उभी टांगायची.

"चप्पल बाहेर," त्या मामांना म्हणाल्या. "दुरुस्तीवाले झालात म्हणून पाय स्वच्छ होत नाहीत."

मामांनी निमूटपणे चप्पल काढली. "मावशी, तुमची वही बघायची होती. गेल्या वर्षीची."

"मोठे डॉक्टर माझ्या वहीला हसतात. किराणा दुकान म्हणतात."

"म्हणून तर बघायचीय."

मावशी वहीत दोनच वेळा लिहीत. कपाटातून स्वच्छ नळी खोलीत गेली ती वेळ, आणि वापरून सिंकमध्ये आली ती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "वापरलेली नळी पडून राहिली की आतली घाण वाळून दगड होते," त्या म्हणाल्या. "मग खापर माझ्यावर. म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिते. नळी उशिरा आली तर डॉक्टरांना विचारते, इतका वेळ कुठे होती?"

दहा फेब्रुवारी. दोन नंबरची नळी. गेली दोन चाळीसला. आली दोन एकोणपन्नासला.

मामांनी बोट ओळीवर ठेवलं आणि पुन्हा वाचलं. टोकापर्यंत पोचायला चांगल्या हातालाही आठ-दहा मिनिटं लागतात. खरी तपासणी तर परत येताना होते, भिंत न् भिंत बघत सावकाश मागे यायचं, त्याला निदान सहा मिनिटं. इथे खोलीत नेणं, आत घालणं, बाहेर काढणं आणि सिंकपर्यंत आणणं, सगळं मिळून नऊ.

"मावशी, ही वेळ चुकली असेल का?"

मावशींनी हातमोजे काढले. पंधरा वर्षांत हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. "माझं लग्न चुकलं," त्या म्हणाल्या, "वेळ चुकली नाही."

३

रिपोर्टवर सही धाकट्या डॉक्टरांची होती. मामांना ते कँटीनमध्ये सापडले, पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. तिशीचा, हुशार, सरळ पोरगा. मामांना तो आवडायचा, म्हणून आणखीच राग आला.

"ही तपासणी तुम्ही केलीत?"

"सही माझी आहे."

"ते मलाही वाचता येतं. किती वेळ लागला होता?"

"पंचवीस मिनिटं. अर्धा तास असेल."

"टोकापर्यंत गेला होतात?"

"रिपोर्टमध्ये फोटो आहे ना, मामा."

"आहे." मामांनी कागद पुढे सरकवला. "चौथ्या फोटोत, घड्याळात दोन वाजतात त्या जागी तांदळाच्या कणीएवढं पांढरट काय आहे?"

धाकट्या डॉक्टरांनी पाहिलं. "बुडबुडा असेल. पाण्याचा थेंब."

"बुडबुड्याला कोपरे नसतात."

"मला काम आहे," म्हणत ते उठले. दारापाशी वळले. "सिस्टरांना खरंच काढणार आहेत का हो?"

"शनिवारी अकराला."

ते तसेच निघून गेले. खाई त्याला खवखवे. पण ह्या पोराने खाल्लं होतं, की फक्त ताट उचललं होतं, ते अजून कळायचं होतं.

४

मामांच्या दुरुस्तीच्या खोलीत एक भिंतभर डब्या होत्या, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या. नळीतून जो खराब भाग निघे तो मामा कधी फेकत नसत. त्याला तारीख चिकटवून ठेवत. बायको असताना ह्यावरून रोज बोलणी बसायची. म्हातारपणी आपली किडनीसुद्धा डबीत ठेवाल, असं ती म्हणे.

शुक्रवारी दुपारी भाची कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत विभागातल्या रिपोर्टांच्या स्थळप्रती होत्या, तीन वर्षांच्या, मोठ्या आतड्याच्या तेवढ्या.

"काय शोधायचं?"

"चौथा फोटो. दोन वाजता कणी."

दोघं जमिनीवर बसली. अडीच तासांत भाचीची पाठ मोडली आणि मामांचा चष्मा दोनदा हरवला, दोन्ही वेळा कपाळावर सापडला. साडेपाचला जमिनीवर बारा कागद ओळीने मांडलेले होते. बारा वेगवेगळी माणसं. एक शिक्षक, एक पेन्शनर, एक बाळंतीण, एक चष्म्याच्या दुकानातली बाई. बाराही जणांच्या आतड्याचं टोक एकच. तेच भोक, तीच सुरकुती, तिच्याशेजारचा तोच फेस, आणि दोन वाजता तीच कणी.

भाचीने बारावा कागद पहिल्याशेजारी धरला. "मामा, हा एकच फोटो आहे."

"एका माणसाचा खरा, अकरा जणांना चिकटवलेला." मामांनी ओळीतला पहिला कागद उचलला. त्यावरची तारीख बाईंच्या तपासणीच्या दीड वर्ष आधीची, ऑगस्टची अकरा. मग ते उठले आणि भिंतीवरून एक डबी काढून भाचीच्या तळहातावर उपडी केली. मसुरीच्या डाळीएवढं भिंग, कडेला टवका उडालेला.

"नळीचं टोक वळलेलं असताना चिमटा जोराने पुढे रेटला की तो असा भिंगाला घासतो. घाई झालेल्या हाताची चूक. आठ ऑगस्टला दोन नंबरच्या नळीला टवका उडाला, चौदाला ती माझ्याकडे आली, त्याच दिवशी मी भिंग बदललं. टवका भिंगावर असेल तर प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणार. आणि भिंग बदलल्यावर कुठल्याच फोटोत दिसणार नाही."

"म्हणजे फेब्रुवारीतला हा फोटो फेब्रुवारीत काढलेलाच नाही."

"त्या बाईच्या पोटात टोकापर्यंत कुणी गेलंच नाही." मामांचा आवाज चढला. "अवघड वळण आलं असेल, नळी पुढे जात नसेल. होतं असं, शंभरात चार-पाच जणांचं होतं, त्यात लाज कसली? 'तपासणी अर्धवट झाली, पुन्हा या' एवढी एक ओळ लिहायची होती. एक ओळ. बाई परत आली असती, गाठ तेव्हा बोराएवढीही नसेल. ती ओळ लिहिली नाही आणि वर तिच्याच ग्लासाचा हिशोब मांडतात."

भाची मात्र कागदांच्या खालच्या कोपऱ्यात बघत होती. "मामा, अकरातल्या सात जणांवर धाकट्या डॉक्टरांची सही आहे."

"आणि बाकी चार?"

तिने तारखा वाचल्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मग ती म्हणाली, "ते आपल्याकडे आले त्यानंतरच्या फेब्रुवारीत, बाईंच्या तपासणीच्या वर्षभर आधी. ह्या चौघांनंतर."

५

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध इस्पितळाच्या अध्यक्षबाई, उजवीकडे मोठे डॉक्टर, टोकाला धाकटे डॉक्टर. भिंतीला टेकून खुर्चीवर ड्रायव्हर, म्हणजे बाईंचे मिस्टर, बसले होते, गणवेश इस्त्री केलेला, हात गुडघ्यांवर. खोलीत येताना सगळ्यांना दारावरचा फलक दिसला होता: आमच्याकडे शंभरातल्या शंभर तपासण्या पूर्ण. मोठ्या डॉक्टरांचा तो अभिमान होता. देशात-परदेशात भाषणं करत त्यावर.

"आधी यंत्राचं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मामा, दाखला आणलात?"

"आणलाय." मामांनी वाचून दाखवला. "दहा फेब्रुवारीला दोन नंबरची नळी सुस्थितीत होती. भिंग निर्दोष होतं, त्यावर ओरखडा, डाग किंवा टवका नव्हता. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"तुमचीही सही करा ना खाली. साक्षीदार म्हणून."

मोठ्या डॉक्टरांनी ऐटीत सही केली. हात दाखवून अवलक्षण करणारी माणसं मामांनी खूप पाहिली होती, पण स्वतःचं पेन काढून करणारा हा पहिलाच.

मामांनी दाखला अध्यक्षबाईंपुढे ठेवला. शेजारी बाईंचा रिपोर्ट ठेवला. शेजारी ती डबी. मग मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं. टवका, ऑगस्ट, बारा कागद, मावशींची वही, नऊ मिनिटं. अध्यक्षबाईंनी घड्याळजीचं भिंग मागून घेतलं आणि बाराही कागद एकेक करून पाहिले.

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा बराच वेळ जागेवर राहिला. मग त्यांनी हळूच धाकट्यांकडे मान वळवली. "हे माझ्यासाठी धक्कादायक आहे. माझ्या पाठीमागे असं काही चालत असेल... सही कुणाची आहे ते दिसतंच आहे."

धाकटे डॉक्टर पांढरेफटक पडले.

"सात सह्या त्यांच्या," मामा म्हणाले. "पण चार त्यांच्या येण्याआधीच्या. त्या चारांवर कुणाची सही आहे ते वाचू, की तुम्ही वाचता?"

मोठ्या डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. बोलले ते धाकटे डॉक्टर, टेबलाकडे बघत. "तपासणी सर करायचे. मी रिपोर्ट लिहायला बसायचो. वळण अवघड असलं की सर नळी बाहेर काढायचे आणि म्हणायचे, चौथा नेहमीचा लाव. पहिल्यांदा मला कळलंच नाही. नंतर कळलं." ते थांबले. "कळल्यावरही लावला."

"नेहमीचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"फलक खाली आला असता म्हणून," मामा म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, काल रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, शिव्यांसकट. पण त्यांची नजर ड्रायव्हरांकडे गेली आणि ती वाक्यं जागच्या जागी राहिली.

अध्यक्षबाईंनी दोन्ही डॉक्टरांकडच्या एंडोस्कोपीच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घेतल्या. दोघांचे कागद डॉक्टरांवर कारवाई करणाऱ्या वरच्या मंडळाकडे सोमवारी नाही, आजच जातील असं सांगितलं. सिस्टरवरची कारवाई रद्द केली. ते दीड पानी पत्र त्यांनी चार तुकडे करून मोठ्या डॉक्टरांच्याच पुढ्यात ठेवलं.

६

ड्रायव्हर बाहेर व्हरांड्यात उभे होते. मामा शेजारी जाऊन उभे राहिले. भाची दोन पावलं मागे थांबली.

"तिचा स्वभाव फार काटेकोर," ड्रायव्हर म्हणाले. "चष्म्याच्या दुकानात पाव नंबर इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. तो ग्लासही ती संपवणार होती. मळमळत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, तरी नाक धरून बसली होती. मीच म्हटलं, पुरे आता, आण इकडे. तिच्या हातातून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "पत्र आल्यापासून गाडी चालवताना हाच हात दिसतो समोर."

मामांनी रिपोर्ट काढला. चौथा फोटो दुमडून मागे घातला आणि घड्याळजीचं भिंग त्यांच्या हातात दिलं.

"हे तीन बघा. हे तुमच्या बायकोचेच आहेत, त्याच दिवसाचे. कणी नाही ह्यांच्यात. भिंती बघा. गुलाबी, लखलखीत, बारीक शिरासुद्धा दिसतायत. तीस वर्षांत मी हजारो बघितले, इतकं स्वच्छ फार कमी जणांचं असतं. त्या ग्लासाचा काही संबंध नव्हता. तुम्ही तो ओतलात म्हणून काही लपलं नाही. तिथे बघायला कुणी गेलंच नाही."

ड्रायव्हर भिंगातून बघत राहिले. एक, दोन, तीन, मग पुन्हा एक. त्यांचे खांदे हलायला लागले, पण आवाज झाला नाही. भाचीने तोंड फिरवलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग परत दिलं आणि तोंड रुमालाने पुसलं. "बाकीचे दहा कोण?"

"यादी आहे," भाची म्हणाली. "कालपासून फोन लावतेय. सहा जण लागले, सोमवारी येतायत, पुन्हा तपासणी होईल, दुसऱ्या डॉक्टरकडून. चौघांचे नंबर बंद आहेत. नुसते पत्ते आहेत."

"त्यांना माहीत नाही अजून."

"नाही. त्यांच्या हातात सगळं ठीक आहे असा कागद आहे."

ड्रायव्हरांनी हात पुढे केला आणि यादी घेतली. चार पत्त्यांवरून बोट फिरवलं. ह्या गावातला प्रत्येक थांबा त्यांना पाठ होता.

"माझी ड्युटी दोनला सुरू होते," ते म्हणाले. "तोवर दोन घरं होतील. सिस्टर, तुम्ही चला बरोबर. काय सांगायचं ते तुम्ही सांगा, दार मी वाजवतो."